वाचले, पण समजले का?

मुलांनो, आपण पहिल्या इयत्तेत वाचावयास शिकलो, असे आपण सहज म्हणतो. मुळाक्षरे ओळखू लागलो, बाराखडी पाठ झाली, जोडाक्षरांची भीती गेली आणि एके दिवशी पुस्तकातील ओळ न अडखळता तोंडून बाहेर पडली. घरच्या मंडळींना आनंद झाला आणि आपल्यालाही वाटले, की आता वाचन आले. पण ते खरोखर आले होते काय? अक्षरे ओळखून त्यांचा उच्चार करणे ही वाचनाच्या वाड्याची देवडी होय. देवडी ओलांडल्यावाचून वाड्यात प्रवेश होत नाही, हे खरेच. परंतु जो देवडीवरच बसून राहिला, त्याने वाडा पाहिला असे कोणी म्हणणार नाही.

पुढील वाक्य मोठ्याने वाचून पाहा : ‘झिपोऱ्या तंबाळाने पहाटे तीन गुरफ्या चिपोळल्या.’

वाचता आले ना? आता काही प्रश्नांची उत्तरे द्या. गुरफ्या कोणी चिपोळल्या? तंबाळाने. किती चिपोळल्या? तीन. केव्हा चिपोळल्या? पहाटे. तंबाळ कसा होता? झिपोऱ्या होता. चारही उत्तरे बरोबर आली. शिक्षकांनी पूर्ण गुण द्यावेत अशीच आहेत. पण तंबाळ म्हणजे काय, गुरफी कशाला म्हणतात आणि चिपोळणे ही कोणती क्रिया, हे कोणास ठाऊक आहे? कोणासही ठाऊक नाही, कारण ते शब्द या पाठासाठीच बनविलेले आहेत. त्यांना काही अर्थच नाही. म्हणजे आपण बिनचूक वाचले, प्रश्नांची बिनचूक उत्तरे दिली, आणि तरीही आपल्याला काहीच समजले नाही!

हा केवळ गमतीचा खेळ नव्हे. पुष्कळदा आपण इतिहासाचा किंवा विज्ञानाचा धडा याच रीतीने वाचतो. प्रश्नातील एखादा शब्द धड्यात शोधायचा, तो ज्या ओळीत सापडेल ती ओळ वहीत उतरून काढायची आणि अभ्यास झाला असे समजायचे. अशा वाचनाने वही भरते, परंतु मनात काही शिरत नाही.

गणिताच्या तासालाही हेच घडते. १९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल या शहरी गणिताच्या अध्यापनाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी लहान मुलांना एक विलक्षण उदाहरण घातले. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर जहाजाच्या कप्तानाचे वय किती? तुम्हांला हसू आले असेल. मेंढ्यांवरून आणि शेळ्यांवरून कप्तानाचे वय कसे काढता येईल? परंतु त्या मुलांपैकी बहुतेकांनी २६ आणि १० यांची बेरीज केली आणि ‘कप्तानाचे वय ३६ वर्षे’ असे उत्तर दिले. त्यांची बेरीज चुकली नव्हती. त्यांनी आकडे वाचले होते. उदाहरण वाचले नव्हते.

समजून वाचणे म्हणजे मनात नेमके काय घडणे, या प्रश्नाचा विचार विद्वानांनी फार पूर्वीपासून केला आहे. न्यूयॉर्क येथे अध्यापन करणारे एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञांनी १९१७ साली या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. त्यांनी शाळकरी मुलांना काही लहान परिच्छेद वाचावयास दिले आणि त्यांवर प्रश्न विचारले. परिच्छेद समोरच होता. पाठ करण्याची गरज नव्हती. एका परिच्छेदात फ्रँकलिन नावाच्या गावी मुलांनी शाळेत केव्हा हजर राहिले पाहिजे आणि कोणत्या कारणाने त्यांना सूट मिळते, याचा नियम सांगितला होता. या परिच्छेदाचा मुख्य विषय कोणता, असे विचारले असता कित्येक मुलांनी नुसते ‘फ्रँकलिन’ असे लिहिले. कोणी तर, तो एक थोर संशोधक होता, अशा अर्थाचेही उत्तर दिले! बेंजामिन फ्रँकलिन नावाचे एक विख्यात शास्त्रज्ञ अमेरिकेत होऊन गेले. ते नाव दिसताच मुलाचे मन तिकडे धावले असावे आणि पुढच्या ओळीत काय लिहिले आहे, हे त्याने पाहिलेच नाही.

अशा शेकडो उत्तरांवरून थॉर्नडाइक यांनी असा निष्कर्ष काढला, की परिच्छेद समजून घेणे हे गणित सोडविण्यासारखेच काम आहे. त्यात वाचकाला प्रत्येक शब्दाचे वजन ठरवावे लागते. महत्त्वाचे कोणते, गौण कोणते, कोणता शब्द कोणत्या शब्दाशी जोडावयाचा, हे त्याने निवडावयाचे असते. एखादाच शब्द मनात मोठा झाला आणि बाकीचे झाकले गेले, की अर्थ बिघडतो. सारांश, वाचताना डोळे जितके काम करतात, त्याहून कितीतरी अधिक काम बुद्धीने करावयाचे असते.

आता हा दुसरा उतारा वाचा. यातील एकही शब्द खोटा नाही.

‘प्रथम कोरड्यात पाणी घालावे, पण बेताने. मग पुष्कळ जोर लावावा. येथे आळस केला तर पुढे भेगा पडतात. नंतर मात्र जोर कामाचा नाही. हलक्या हाताने ती गोल फिरवीत मोठी करावी. उष्णतेवर ठेवल्यानंतर वरच्या बाजूस पाणी लावावे. त्यास उशीर झाला तर सारा खटाटोप वाया जातो. एकदा उलटावी. शेवटी ती फुगली, तर करणाऱ्याचा हात चांगला असे समजावे.’

शब्द सारे ओळखीचे आहेत, तरी पहिल्या वाचनात पुष्कळजण गोंधळले असतील. आता या उताऱ्यास ‘भाकरी’ असे शीर्षक द्या आणि पुन्हा वाचा. एका क्षणात सारे उजळले ना? कोरडे म्हणजे पीठ, जोर लावणे म्हणजे मळणे, मोठी करणे म्हणजे थापणे, आणि उष्णता म्हणजे चुलीवरचा तवा! उताऱ्यातील एक अक्षरही बदलले नाही. बदलले ते तुमचे मन. स्वयंपाकघरात जे अनेकदा पाहिले होते, ते आठवले आणि त्या आठवणीने शब्दांना अर्थ दिला. अमेरिकेतील ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या संशोधकांनी १९७२ साली अशाच रीतीचे प्रयोग केले होते. विषय आधी सांगितला, तर ऐकणाऱ्यास उतारा समजतो आणि लक्षातही राहतो; उतारा ऐकून झाल्यावर विषय सांगितला, तर तितका उपयोग होत नाही, असे त्यांना आढळले.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही, की अर्थ केवळ कागदावर नसतो. अर्धा कागदावर असतो आणि अर्धा वाचकाच्या मनातील पूर्वज्ञानात असतो. दोहोंची भेट झाली म्हणजे वाक्य समजते. १९८८ साली अमेरिकेत सातवी-आठवीतील ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले होते. एरवी वाचनात मागे असलेली, परंतु बेसबॉल चांगला जाणणारी मुले त्या वेळी पुढे गेली; वाचनात हुशार, पण खेळाविषयी अज्ञान असलेली मुले त्यांच्या मागे पडली. आपल्याकडे क्रिकेटची गोष्ट अशीच आहे. ‘शेवटच्या षटकात तळाच्या फलंदाजाने संघाची लाज राखली’ हे वाक्य क्रिकेट जाणणाऱ्यास चित्रासारखे दिसते. न जाणणाऱ्यास ते तंबाळाच्या वाक्याहून फारसे वेगळे वाटणार नाही. म्हणून जो अनेक गोष्टी पाहतो, ऐकतो, विचारतो, त्याचे वाचनही आपोआप सुधारते. दुसरी गोष्ट ही, की शीर्षक, चित्र आणि पहिले वाक्य ही घाईने ओलांडून जाण्याची स्थळे नव्हेत. तेथे क्षणभर थांबावे आणि ‘या विषयाची मला काय माहिती आहे?’ असे मनाला विचारावे.

समजून वाचणे ही जर एक कला असेल, तर ती शिकविता येते काय? पुष्कळ दिवस लोकांना असे वाटत असे, की अक्षरे शिकविली की अर्थ आपोआप समजू लागतो. डोलोरेस डर्किन या अमेरिकन संशोधिकेने चौथ्या इयत्तेच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९७८-७९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ४,५०० मिनिटांच्या निरीक्षणात, उतारा समजून कसा घ्यावा हे प्रत्यक्ष शिकविण्यात केवळ २० मिनिटांच्या आसपास वेळ गेला होता! शिक्षक प्रश्न पुष्कळ विचारीत. परंतु उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने जावे, हे क्वचितच दाखवीत. पोहावयास न शिकविता पोहण्याची परीक्षा घ्यावी, तसेच हे झाले.

यानंतर थोड्याच वर्षांनी, १९८४ साली, ॲनमरी पॅलिन्सार आणि ॲन ब्राउन या दोन संशोधिकांनी आपल्या एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांचे विद्यार्थी तुमच्याच वयाचे, सातवीतील होते. ही मुले उतारा बऱ्यापैकी वाचीत, पण वाचलेले त्यांना समजत नसे. त्यांना सुमारे वीस दिवस एका नव्या रीतीने शिकविण्यात आले. लहान गट करावयाचा, उताऱ्याचा एक भाग वाचावयाचा आणि मग गटातील एकाने शिक्षक व्हावयाचे. त्याने चार कामे करावयाची : वाचलेल्या भागाचा सारांश सांगणे, त्यावर प्रश्न विचारणे, जे अडले असेल त्याचा उलगडा करणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे. पुढच्या भागाला दुसरा मुलगा किंवा मुलगी शिक्षक होई. प्रारंभी खरे शिक्षक ही चारही कामे स्वतः करून दाखवीत. मग हळूहळू बाजूला होत. या मुलांची उत्तरे पुष्कळच सुधारली आणि शिकवणे थांबल्यानंतर आठ आठवड्यांनीही ती सुधारणा टिकून होती.

ही चार कामे आपणही करून पाहू. त्यासाठी हा छोटा उतारा घ्या. त्याचे शीर्षक आहे, ‘माठातील पाणी गार का होते?’

‘माठ भाजलेल्या मातीचा असतो आणि त्याच्या भिंतींत अतिशय सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी हळूहळू झिरपून बाहेरच्या पृष्ठभागावर येते. तेथे त्याचे बाष्पीभवन होते. बाष्पीभवनास उष्णता लागते. ती बव्हंशी माठातील पाण्यातूनच घेतली जाते. पावसाळ्यात मात्र हवा दमट असल्यामुळे हे कार्य मंदावते.’

पहिले काम अंदाजाचे. शीर्षक वाचून थांबा. माठातील पाणी का गार होत असेल? कोणी म्हणेल, माती मुळातच थंड असते म्हणून. कोणी म्हणेल, माठ सावलीत ठेवतात म्हणून. आता पुढे वाचा. आपला अंदाज बरोबर नव्हता, असे पुष्कळांना आढळेल. त्यात वाईट काही नाही. अंदाज बांधलेला वाचक पुढचे वाक्य उत्सुकतेने वाचतो, कारण आपले खरे झाले की नाही, हे त्याला पाहावयाचे असते. मात्र अंदाज चुकला असे दिसताच तो सोडून देण्याचीही तयारी पाहिजे. फ्रँकलिनला संशोधक समजणाऱ्या मुलाने आपला अंदाज सोडला नाही, म्हणूनच तो फसला.

दुसरे काम प्रश्नांचे. प्रश्न तीन प्रकारचे असतात. ‘माठ कशाचा असतो?’ याचे उत्तर एका ओळीत सापडते. असा प्रश्न विचारणे सोपे, पण तेवढ्यावर थांबू नये. ‘पावसाळ्यात माठातील पाणी तितके गार का होत नाही?’ याचे उत्तर कोणत्याही एका ओळीत नाही. हवा दमट, म्हणून बाष्पीभवन कमी. बाष्पीभवन कमी, म्हणून पाण्यातून उष्णता कमी घेतली जाते. म्हणून पाणी कमी गार होते. अशी तीन-चार वाक्ये साखळीसारखी जोडावी लागतात. आणि ‘पितळेच्या कळशीत पाणी असे गार का होत नाही?’ याचे उत्तर उताऱ्यात मुळीच नाही. पण उतारा नीट समजला असेल, तर ते आपल्याला देता येते : पितळेला छिद्रे नसतात, त्यामुळे पाणी झिरपत नाही. जो असा तिसऱ्या प्रकारचा प्रश्न स्वतः तयार करू शकतो, त्याला धडा समजला असे खुशाल समजावे.

तिसरे काम अडलेल्याचा उलगडा करण्याचे. ‘ती बव्हंशी माठातील पाण्यातूनच घेतली जाते’ या वाक्यात ‘ती’ म्हणजे कोण? उष्णता. ‘हे कार्य’ म्हणजे कोणते? बाष्पीभवनाचे. मी, तो, ती, हे, त्याने असली सर्वनामे लहान असतात, पण ती कोणाबद्दल आली आहेत हे ध्यानात घेतले नाही, तर मोठा घोटाळा होतो. शब्द अडला, तर तो फोडून पाहावा. बाष्प म्हणजे वाफ आणि भवन म्हणजे होणे. म्हणून बाष्पीभवन म्हणजे पाण्याची वाफ होणे. ‘बव्हंशी’ या शब्दात बहु आणि अंश हे दोन शब्द दडले आहेत. त्याचा अर्थ ‘पुष्कळ अंशाने’. फोडूनही कळले नाही, तर मागचे-पुढचे वाक्य पुन्हा वाचावे. तेवढ्यानेही भागले नाही, तर शब्दकोश पाहावा किंवा जाणत्या माणसास विचारावे.

लहान शब्दांकडे आणखी एका कारणासाठी लक्ष द्यावयाचे असते. म्हणून, कारण, परंतु, मात्र, तरी, जर हे शब्द वाटेवरील पाट्यांसारखे असतात. ‘मात्र’ आला, की आतापर्यंत सांगितले त्याहून काही वेगळे येणार. ‘म्हणून’ आला, की परिणाम येणार. ‘कारण’ आला, की मागच्या गोष्टीचे मूळ सांगितले जाणार. ‘तो आजारी होता म्हणून शाळेत गेला नाही’ आणि ‘तो आजारी होता तरी शाळेत गेला’ ही दोन वाक्ये ताडून पाहा. ‘म्हणून’ आणि ‘तरी’ यांनी त्या मुलाचे चित्रच पालटून टाकले आहे. आपल्या इतिहासात तर एका अक्षराची कथा प्रसिद्ध आहे. १७७३ साली पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना कैद करण्याविषयीच्या आज्ञेत ‘धरावे’ असा शब्द होता, तेथे ‘ध’च्या जागी ‘मा’ करून ‘मारावे’ असे करण्यात आले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तिच्यावरूनच रूढ झाला. कागदावरचे एक अक्षर किती भारी असू शकते, हे त्यावरून ध्यानी येते.

चौथे काम सारांशाचे. ‘या उताऱ्यात माठाविषयी माहिती दिली आहे’ हा सारांश नव्हे. ते केवळ विषयाचे नाव झाले. उताऱ्यातील दोन वाक्ये जशीच्या तशी लिहून काढणे हाही सारांश नव्हे. पुस्तक मिटावे आणि आपल्या शब्दांत सांगावे : ‘माठाच्या छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून ते पाणी गार होते; दमट हवेत हे कमी घडते.’ इतके सांगता आले, तर उतारा आपला झाला. सांगताना मध्येच अडलो, तर कोठे समजले नाही ते नेमके कळते आणि तेवढाच भाग पुन्हा वाचता येतो.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले, तर काही मुलांना कमीपणा वाटतो. तो वाटू नये. वाचताना आपले डोळे ओळीवरून सारखे सरकत नाहीत. ते लहान लहान उड्या घेतात आणि प्रत्येक उडीनंतर सेकंदाच्या सुमारे चौथ्या भागाइतका वेळ थांबतात. पट्टीच्या वाचकाच्या डोळ्यांचे निरीक्षण केले, तेव्हा असे आढळले, की त्याच्याही दर शंभर उड्यांपैकी दहा ते पंधरा उड्या मागच्या दिशेने असतात. म्हणजे चांगला वाचकही मागे जातो. चांगल्या आणि कच्च्या वाचकातील एक मोठा भेद हा, की ‘मला समजले नाही’ हे चांगल्या वाचकाच्या तत्काळ ध्यानात येते. कच्चा वाचक न समजलेल्या वाक्यावरूनही तसाच पुढे धावत राहतो आणि पान संपले म्हणजे वाचन संपले असे मानतो.

ही चार कामे केवळ सातवीच्याच मुलांनी करावयाची आहेत, असे नाही. इयत्ता बदलते तशी त्यांची रीत मात्र बदलते. पहिली-दुसरीतील मुलास स्वतः वाचणे कठीण जाते. त्याला गोष्ट वाचून दाखवावी. चित्र दाखवून ‘आता काय होईल, बरे?’ असे विचारावे आणि गोष्ट संपल्यावर आधी काय झाले, नंतर काय झाले, हे त्यालाच सांगू द्यावे. त्याचे अंदाज, प्रश्न आणि सारांश तोंडीच होतात, पण कामे तीच. तिसरी-चौथीतील मुलाने प्रत्येक परिच्छेदापाशी थांबावे, एखादा तरी प्रश्न विचारावा आणि नवीन शब्द वहीत टिपून ठेवावा. पाचवीपासून पुढे पुस्तके निरनिराळ्या जातीची होतात, तेव्हा वाचण्याची रीतही निरनिराळी ठेवावी लागते. विज्ञान वाचताना कारण आणि कार्य यांचा संबंध पाहावा. इतिहास वाचताना ही हकीकत कोणी आणि केव्हा लिहिली, हे विचारावे. गणित वाचताना प्रथम आकडे बाजूला ठेवून काय दिले आहे आणि काय विचारले आहे, हे पाहावे. कविता मात्र घाईने वाचूच नये. ती मोठ्याने वाचावी आणि तिच्यातील चित्र डोळ्यांपुढे येईपर्यंत थांबावे.

इतकी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. केवळ परीक्षेतील गुणांसाठी असती, तर तिचे एवढे महत्त्व नव्हते. पण आपल्या देशात हा फार मोठा प्रश्न आहे. ‘असर’ या नावाने ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी केली जाते. तिच्या २०२२ सालच्या अहवालानुसार पाचवीत शिकणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नाही. लहान मुलांना अर्थासह वाचता यावे, या हेतूने भारत सरकारने २०२१ साली ‘निपुण भारत’ नावाची मोहीम सुरू केली. परंतु असे काम केवळ सरकारने आणि शिक्षकांनी करून पुरे होत नाही. तुमच्या घरी धाकटे भावंड असेल, शेजारी एखादे लहान मूल असेल. त्याला रोज एक पान वाचून दाखविणे आणि ‘तुला काय वाटते?’ असे विचारणे, हे तुम्हांला सहज करता येईल. दुसऱ्यास समजावून सांगताना आपल्यालाही अधिक समजते, हा त्यातील लाभ निराळाच.

शिवाय आजूबाजूला पाहा. औषधाच्या बाटलीवर ‘जेवणापूर्वी’ लिहिले आहे की ‘जेवणानंतर’, शेतात फवारण्याच्या औषधात पाणी किती घालावयाचे, बँकेच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यात कोणत्या अटी आहेत, हे सारे वाचूनच कळावयाचे असते. कित्येक घरांत आजी-आजोबांना शाळेत जावयास मिळालेले नसते. आलेला कागद ते नातवंडाच्या हाती देतात आणि म्हणतात, ‘बाळ, यात काय लिहिले आहे, ते सांग.’ ‘वाचून दाखव’ यापेक्षा ‘काय लिहिले आहे ते सांग’ ही मागणी मोठी आहे. तेथे नुसता स्पष्ट उच्चार कामास येत नाही. कागदाचा अर्थ ज्याला स्वतःला लागत नाही, त्याला तो दुसरा सांगेल तसा मानावा लागतो. मग सांगणारा प्रामाणिक असो वा नसो.

आपल्या पूर्वजांनी ज्ञानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : श्रवण, मनन आणि निदिध्यास. प्रथम ऐकावे, मग त्याचा विचार करावा आणि अखेर त्याचा ध्यास घ्यावा. त्यांच्या काळी ज्ञान कानांनी येत असे. आज ते बहुधा डोळ्यांनी येते. पण मधली पायरी गाळून वर जाता येत नाही, हा नियम जसा तेव्हा होता, तसा आजही आहे. म्हणून आज शाळेतून घरी गेल्यावर कोणत्याही विषयाचे एकच पान उघडा. शीर्षकापाशी थांबा, अंदाज बांधा, प्रश्न विचारा, जे अडेल ते सोडवा, आणि पुस्तक मिटून आपल्या शब्दांत दोन वाक्ये सांगा. पानाला पूर्वीपेक्षा थोडा अधिक वेळ लागेल. परंतु ते पुन्हा पुन्हा घोकण्याचे श्रम वाचतील, आणि त्यात लिहिलेले तुम्हांला दुसऱ्यासही सांगता येईल.